तिसऱ्या लीगचा बचावपटू आणि आपल्या मुलांचे करार

मा. संपादक,

आपल्या क्रीडा पानावर जर्मन फुटबॉल येतो तो बायर्न म्युनिक आणि डॉर्टमुंडपुरता. गोव्यातल्या सोळा-सतरा वर्षांच्या बचावपटूला आणि त्याच्या आईवडिलांना त्याहून उपयोगी पडेल असा खेळाडू दोन पायऱ्या खाली आहे. तिसऱ्या-चौथ्या लीगमध्ये बारा-पंधरा वर्षे खेळणारा, पाच-सहा क्लब बदललेला सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटू. त्याचे नाव कोणाला ठाऊक नसते, पण त्याचे घर फुटबॉलवर चालते. कसे, ते नीट पाहायला हवे.

जर्मनीत वरच्या दोन लीगमध्ये प्रत्येकी १८ संघ. २००८ साली सुरू झालेल्या तिसऱ्या लीगमध्ये २० संघ, ३८ सामने. तिच्याखालची रेगिओनाललीगा २०१२ पासून पाच गटांत खेळली जाते आणि तिथे मोठा अन्याय आहे: विजेते पाच, वर जाण्याच्या जागा चार. दरवर्षी दोन गटविजेते आपसात दोन सामने खेळतात आणि त्यातला एक वर्षभर पहिला राहूनही खालीच राहतो. मग क्लबचा खर्च कापला जातो आणि पहिली गदा येते ती तिशीतल्या खेळाडूंवर.

असा खेळाडू बहुधा मोठ्या क्लबच्या अकादमीतून येतो. तिथून त्याच क्लबच्या दुसऱ्या म्हणजे राखीव संघात, आणि या राखीव संघांना तिसऱ्या लीगच्या वर चढता येत नाही. तिसऱ्या लीगमध्ये सामन्याच्या यादीत जर्मनीकडून खेळण्यास पात्र असे २३ वर्षांखालील किमान चार खेळाडू लागतात. हा नियम एकविसाव्या वर्षी मुलाला जागा मिळवून देतो आणि चोविसाव्या वर्षी तीच जागा दुसऱ्याला देतो. त्या वयात तो टिकतो की नाही, हे खेळाइतकेच कागदावर ठरते.

कागद म्हणजे करार. साधारणपणे तो ३० जूनला संपतो. पगाराचे तीन भाग असतात: मूळ रक्कम, मैदानात उतरल्याचे पैसे आणि संघाने मिळवलेल्या गुणांमागचे पैसे. बाकावर बसणाऱ्याच्या हाती बऱ्याचदा फक्त पहिला भाग येतो. पाचव्या पिवळ्या कार्डाला एक सामना बंदी, म्हणजे बचावपटूचे पैसे तिथेही जातात. करार कोणत्या लीगसाठी वैध आहे, हे कलम सर्वात आधी वाचावे, कारण संघ खाली घसरला की काही करार आपोआप संपतात. दुसरे धोक्याचे कलम म्हणजे ‘इतके सामने खेळल्यास एक वर्ष वाढ’. पहिल्या लीगमधल्या माइन्झ क्लबचा गोलरक्षक हाइन्झ म्युलर याच्या करारात हा आकडा २३ होता. हंगामाच्या मध्यात त्याला क्लबच्या राखीव संघाकडे पाठवले गेले आणि आकडा गाठायचा राहिला. प्रकरण सर्वोच्च कामगार न्यायालयापर्यंत गेले. जानेवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ठरलेल्या तारखेला संपणारा मुदतीचा करार वैध ठरवला आणि न खेळलेल्या सामन्यांच्या गुणांचे पैसेही नाकारले. म्हणून सामन्यांच्या अटीवर विसंबू नये, वर्षे स्पष्ट लिहून घ्यावीत.

करार जूनअखेर संपणार असेल, तर तिथे ३१ मार्चपूर्वी रोजगार कार्यालयात नोंद करायची असते. उशीर झाला तर आठवडाभराचा भत्ता बुडतो. गेल्या तीस महिन्यांत बारा महिने विमा भरलेला असेल, तर निव्वळ पगाराच्या ६० टक्के भत्ता मिळतो, मूल असल्यास ६७ टक्के. खेळाडूंची संघटना व्हीडीव्ही उन्हाळ्यात करार नसलेल्यांसाठी सराव शिबिर घेते. त्यामुळे ऑगस्टमध्ये एखाद्या क्लबचा बचावपटू जायबंदी झाला, तर हा खेळाडू तंदुरुस्त असतो. करार आधीच संपलेला असल्याने खेळाडूंच्या बदलीची (ट्रान्सफरची) मुदत टळल्यावरही त्याला घेता येते.

दुखापतीबाबत तर आपण फारच मागे आहोत. तिथे पगारी खेळाडूची मैदानावरची दुखापत कामावरचा अपघात मानली जाते. पहिले सहा आठवडे क्लब पगार देतो, त्यानंतर अपघात विमा संस्था, आणि मध्येच करार संपला तरी खेळाडू बरा होईपर्यंत तो भत्ता चालू राहतो. गुडघ्याचा एसीएल तुटला तर नऊ महिन्यांच्या आत परतणाऱ्याचा गुडघा पुन्हा जाण्याचा धोका जास्त असतो. घरी पैसे येत असतील तरच मुलगा नऊ महिने थांबेल, नाहीतर पाचव्या महिन्यात पट्टी बांधून उतरेल.

क्लब बुडतातही. तिसऱ्या लीगमधल्या तुर्कग्युजू म्युनिकने मार्च २०२२ मध्ये हंगाम अर्ध्यावर सोडला आणि त्यांचे सगळे निकाल रद्द झाले. पण दिवाळखोरीत थकलेला तीन महिन्यांपर्यंतचा पगार सरकारी निधीतून मिळण्याची सोय तिथे आहे. आपल्याकडे २०१६ साली धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे गोव्याचे तीन क्लब आय-लीग या तेव्हाच्या देशातल्या अव्वल लीगमधून बाहेर पडले. तेव्हा एवढ्या खेळाडूंना कोणता आधार होता?

खेळाबद्दल एकच सांगतो. पंचविशीनंतर वेग उतरू लागला की तिथला साइड बॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, मधे सरकतो. डाव्या पायाचा सेंटर बॅक सहसा बेकार बसत नाही. धुळेर किंवा टिळक मैदानावर मुलांना घडवणाऱ्यांनी उजव्या पायाच्या बचावपटूकडूनही रोज डाव्या पायाने लांब पास घोटवून घ्यावेत.

गोवा फुटबॉल संघटनेला विनंती आहे, की प्रोफेशनल लीगच्या नोंदणी अर्जासोबत एक छापील नमुना करार सक्तीचा करावा. सुरुवातीची आणि शेवटची तारीख, दरमहा रक्कम आणि ती देण्याचा दिवस, दुखापतीत उपचार व पगार कोण आणि किती महिने देणार, पगार दोन महिने थकला तर खेळाडू मोकळा होतो की नाही, एवढे त्यात असावे. सही झालेली एक प्रत खेळाडूच्या घरी गेल्याशिवाय नोंदणी स्वीकारू नये.

– एक फुटबॉल प्रशिक्षक, डिचोली