ट्रंक पोर्टवरील चुकीच्या जोडणीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, नेटवर्क देखभाल विभाग

विषय : कोअर स्विच ते शेड क्र. २ ट्रंक लिंक तातडीने दुरुस्त करण्याबाबत

महोदय,

शिरोली एमआयडीसीतील आमच्या फाउंड्रीत हजेरी यंत्रांसाठी व्हीलॅन ४० (त्याच स्विचवर वेगळे ठेवलेले नेटवर्क) वाढवायचा होता. आपल्या तंत्रज्ञाने चालू पाळीत कोअर (मुख्य) स्विचच्या, शेड क्र. २ कडे अनेक व्हीलॅन एकाच लिंकवरून नेणाऱ्या ट्रंक पोर्टवर ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ४०’ अशी कमांड दिली. तीत ‘ॲड’ नसेल तर परवानगी असलेल्या व्हीलॅनची जुनी यादी पुसली जाते. परिणामी १० (ऑफिस), २० (कॅमेरे), ३० (सीएनसी) तिन्ही व्हीलॅन त्या लिंकवर बंद पडले आणि मशीन शॉपला प्रोग्राम मिळेनासे झाले.

त्यावरची मलमपट्टी मूळ चुकीपेक्षा घातक आहे. यादी नीट भरण्याऐवजी ‘ऑल’ (सर्व व्हीलॅन) देऊन ठेवले. आता शेडला ज्याची गरजच नाही त्या व्हीलॅनचाही ब्रॉडकास्ट (सर्वांना जाणारा डेटा) तिकडच्या १०० एमबीपीएस रेडिओ लिंकवर पडतो. त्याच वेळी कोअरकडे नेटिव्ह व्हीलॅन ९९ केला, शेडच्या स्विचवर मात्र १ तसाच राहिला. नेटिव्ह व्हीलॅनच्या फ्रेमला (डेटाच्या पाकिटाला) ८०२.१क्यू टॅग, म्हणजे व्हीलॅन क्रमांकाची खूण, नसतो, त्यामुळे कोअरने पाठवलेली ९९ची फ्रेम शेडमध्ये १ मध्ये उतरते. शेडच्या स्विचचा मॅनेजमेंट आयपी (तो दुरून हाताळण्याचा पत्ता) ९९ मध्ये असल्याने त्याला पिंग लागत नाही. उलट दिशेने, शेडमधल्या व्हीलॅन १च्या रिकाम्या पोर्टमध्ये कोणीही लॅपटॉप लावला तर तो थेट आमच्या मॅनेजमेंट नेटवर्कमध्ये पोचतो. दोन्ही स्विच वेगवेगळ्या कंपन्यांचे असल्याने लॉगमध्ये इशाराही आला नाही. हे आम्हाला अजिबात मान्य नाही.

आमची मागणी अशी : दोन्ही टोकांना यादी १०, २०, ३०, ४०, ९९ एवढीच ठेवावी. नेटिव्ह व्हीलॅन दोन्हीकडे ९९९ असावा, त्यात एकही पोर्ट नको, आणि ९९ टॅगसहच जावा. वापरात नसलेले पोर्ट शटडाउन करावेत. शेडच्या स्विचचा मॅनेजमेंट आयपी आत्ता लागत नसल्याने तिथले काम थेट स्विचला कन्सोल केबल लावूनच करावे लागेल, तंत्रज्ञ ती घेऊन यावा. आधी दोन्ही स्विचचे कॉन्फिगरेशन बॅकअप घ्यावे, बदल तपासल्यावरच सेव्ह करावेत. सेव्ह न केल्यास वीज गेली की सारे पुन्हा जुन्या जागी येते.

हे काम साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, आमच्या विद्युत विभागाच्या माणसासमोर व्हावे. या भेटीचे शुल्क वार्षिक देखभाल करारात धरावे. काम पूर्ण होऊन बॅकअपची प्रत हाती येईपर्यंत चालू तिमाहीचे बिल आम्ही रोखून धरत आहोत.

आपला,
देखभाल प्रमुख
शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर