हाडांच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी निधी आणि प्लेटलेटदाते हवेत

सप्रेम नमस्कार.

आधी ऋणनिर्देश. निवृत्तीच्या रकमेतून पहिल्या कृत्रिम सांध्याचा भार उचलणारे आपले माजी खजिनदार. रात्री फोन गेला तरी "निघालोच" म्हणून रक्तपेढी गाठणारी ती तिघं भावंडं. झिजलेली रबरी टोपणं बदलून, उंचीचे स्क्रू तपासूनच वॉकर परत करणारे काका. नाव छापलेलं यांतल्या कुणालाच खपत नाही, पण आपण सगळे ओळखतोच. इतरांनी मागचं आवाहन वाचून अंगठ्याचं चिन्ह टाकलं, त्यापुढे काही नाही. लागलं, म्हणून लिहिलं.

"पाय कापायचाच आहे, तर खर्च कशाला?" हेही ऐकून घेतलं. ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कर्करोग बहुतेकदा 10 ते 20 वर्षांच्या मुलांना, गुडघ्याच्या आसपास होतो. आज बहुतेकांचा पाय वाचतो. आधी साधारण 10 आठवडे केमो, मग गाठीसकट हाडाचा तुकडा काढून धातूचा सांधा. काढलेल्या तुकड्यात 90 टक्के किंवा जास्त गाठ मेलेली दिसली, तर औषध चांगलं लागू पडलं असं समजतात. त्यानंतर पुन्हा केमो. सगळे मिळून सहा ते नऊ महिने. घात होतो तो इथेच. पोर चालायला लागलं की घरचे "झालं बरं" म्हणतात, हातातला पैसाही तोवर संपलेला असतो आणि पुढची केमो सुटते. फुप्फुसात दडलेल्या कर्करोगाच्या पेशी नेमक्या तेव्हा डोकं वर काढतात. आपला निधी याच उरलेल्या केमोसाठी आणि सांध्यासाठी आहे.

पैशाइतकीच निकड प्लेटलेटची, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशींची. केमोनंतर साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवशी या पेशी घसरतात, आणि प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात. साठा करून चालत नाही, यादीतला माणूसच लागतो. वजन 50 किलोच्या वर हवं, आधीचे तीन दिवस अ‍ॅस्पिरिन नको, दीड-दोन तास मोडतात.

आणि कृपा करून सुजलेल्या गुडघ्याला मालिश करू नका. खेळताना लागलं असेल म्हणून महिने जातात. झोपेतून उठवणारं दुखणं दोन-तीन आठवडे हटलं नाही, तर दोन बाजूंनी एक्स-रे काढा. संशय आला तर आधी पूर्ण हाडाचा एमआरआय, मगच बायोप्सी (गाठीचा नमुना काढून तपासणं), तीही पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या पथकाकडूनच. सुई गेलेली वाट गाठीबरोबर कापून काढावी लागते. छेद भलत्या जागी गेला, तर वाचणारा पाय जातो.

देणगी कार्यालयात, पावती घेऊनच द्यावी. रक्कम थेट रुग्णालयात भरली जाते, नातेवाइकांच्या हाती नाही. दात्यांनी नाव, रक्तगट, फोन कळवावा. वॉकर, कुबड्या चालतील, मोडक्या नकोत. उरलेली औषधं आणू नयेत. रुग्णासोबत जाणारे दोघे हवेत, आठवड्यातून एक सकाळ.

आपला,
सचिव