रॉकेट पाहायला कोण जाते?

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील अवकाशपटांवरचा लेख काल वाचला. रात्रभर तो डोक्यात घोळत राहिल्यामुळे आज सकाळची कामे बाजूला ठेवून हे पत्र लिहिण्यास बसले आहे. लेखक महाशय व्यासंगी दिसतात. फ्रेंच दिग्दर्शक मेलिएसच्या १९०२ सालच्या मूकपटातील चंद्रसफरीपासून त्यांनी प्रारंभ केला आहे आणि चंद्राच्या डोळ्यात रुतलेल्या त्या यानाचे वर्णनही मोठे रंगवून केले आहे. माझी तक्रार त्यांच्या माहितीविषयी नाही (एक मोठा अपवाद आहे, त्याकडे शेवटी वळते). ती त्यांच्या निष्कर्षाविषयी आहे. हे चित्रपट केवळ भव्य दृश्ये आणि कानठळ्या यांच्या जोरावर चालतात, आणि लहान गावांतील, 'विशेषतः कोकणासारख्या भागातील' प्रेक्षक तर स्फोटांसाठीच तिकीट काढतो, कथा त्याच्या डोक्यावरून जाते, असे त्यांचे मत आहे. ज्या किनाऱ्यावरची माणसे पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर गेली आणि ज्यांच्या घरच्यांनी त्यांच्या परतीच्या तारखा कालनिर्णयावर खुणा करून ठेवल्या, तेथील लोकांना दूर गेलेल्या माणसाची गोष्ट समजत नाही, हा शोध त्यांनी कोणत्या बंदरावर उभे राहून लावला, हे कळले असते तर बरे झाले असते.

माझे यजमान मालवाहू जहाजावर इंजिन विभागात नोकरीस होते. एकदा साइन ऑन झाले, म्हणजे जहाजावर रुजू झाले, की नऊ-दहा महिने, आणि बदली माणूस वेळेवर पोहोचला नाही तर त्याहूनही अधिक काळ, ते घरी येत नसत. ऐंशीच्या दशकात आमच्या वाडीत दूरध्वनी नव्हता आणि पत्रे कंपनीच्या एजंटमार्फत त्यांच्या मागोमाग बंदरे फिरत असत. म्हणून आम्ही घरातले बोलणे कॅसेटवर ध्वनिमुद्रित करून पाठवीत असू. जहाज ठरलेले बंदर सोडून भलतीकडे वळले की त्या कॅसेटा एजंटकडे साठत जात आणि मग पुढे केव्हातरी सगळा गठ्ठा एकदम हाती पडे. अशाच एका गठ्ठ्यातील पहिल्या कॅसेटमध्ये आमची मुलगी बोबड्या बोलांत बोट कधी येणार म्हणून विचारत होती आणि शेवटच्या कॅसेटमध्ये बेचा पाढा न अडखळता म्हणून दाखवीत होती, पण बाबांशी दोन शब्द बोल म्हटल्यावर लाजून गप्प बसली होती. इंजिनरूममधील पाळी संपवून यजमानांनी ते सर्व एका बैठकीत ऐकले. स्वतः त्यांनी हे मला कधीच सांगितले नाही. त्यांच्याबरोबर केबिनमध्ये राहणाऱ्या गृहस्थांनी, फार वर्षांनी, आमच्या ओटीवर चहा पिताना सांगितले.

२०१४ साली 'इंटरस्टेलर' लागला तेव्हा आम्ही दोघे करूळ घाट चढून मुद्दाम कोल्हापूरला गेलो होतो. त्या चित्रपटात कृष्णविवराजवळच्या (ज्याच्या प्रचंड गुरुत्वातून प्रकाशही सुटत नाही, त्याच्याजवळच्या) एका ग्रहावरील एक तास म्हणजे पृथ्वीवरील सात वर्षे असा हिशेब आहे. तेथे थोडा वेळ अडकून परतलेला बाप यानातील पडद्यासमोर बसतो, तेव्हा घरून आलेले तेवीस वर्षांचे संदेश साठून राहिलेले असतात. तो ते एकामागून एक पाहू लागतो. सोडून आला तेव्हा पोरसवदा असलेला मुलगा त्याच्या डोळ्यांदेखत बाप होतो आणि शेवटी वाट पाहणे सोडून देतो. त्यानंतर, इतकी वर्षे रुसून एकही संदेश न पाठवलेली मुलगी पडद्यावर येते. ती आली न आली तोच आमच्या चित्रपटगृहाने मध्यंतर केले. पडद्यावर समोशाची जाहिरात झळकली आणि सगळे दिवे लागले.

मूळ चित्रपटात मध्यंतर नसते. ते कोठे घ्यावे हे आपल्याकडे परस्पर ठरवले जाते, हे मला ठाऊक आहे आणि त्याला माझी हरकतही नाही. माणसांना पाय मोकळे करावेसे वाटतात. परंतु जवळजवळ तीन तासांच्या चित्रपटात दुसरी एकही जागा सापडू नये? शिवाय मध्यंतरानंतर प्रक्षेपण सुरू झाले ते काही क्षण पुढून, म्हणजे मुलीचे पहिले बोलणे आम्हाला मिळालेच नाही. यजमान जागेवरून हलले नाहीत. मी बाहेर जाऊन व्यवस्थापकांना विचारले, तेव्हा त्यांनी अत्यंत आपुलकीने माझी समजूत घातली, "मॅडम, तितं नुसती रडारड चाललीया, पब्लिक कंटाळतंय. पुढं रॉकेट हाय की!" आपल्या लेखकांचे मत या गृहस्थांच्या मताशी इतके तंतोतंत जुळते, की आपण पुढाकार घेऊन दोघांची एकदा भेट घडवून आणावी, अशी माझी नम्र सूचना आहे.

पब्लिक मात्र कंटाळले नव्हते. उत्तरार्धात यानाचा एक भाग फुटतो तेव्हा दिग्दर्शकाने आवाज पूर्णपणे काढून घेतला आहे, कारण निर्वात पोकळीत ध्वनी वाहून नेण्यास माध्यमच नसते. ती शांतता पसरताच पुढच्या रांगेतून कोणीतरी "ए, आवाज सोड की!" म्हणून ओरडला, आणि मागून एका शाळकरी मुलाने सर्वांना ऐकू जाईल अशा स्वरात त्याला निर्वात पोकळीचा नियम सुनावला. मी आयुष्यभर विज्ञान शिकवले, इतके समाधान मला कोणत्याही निकालाने दिले नव्हते. कानठळ्यांच्या सिद्धान्तात हा प्रसंग कोठे बसतो, हे लेखकांनीच सांगावे. १९६८ साली, माणूस चंद्रावर उतरण्याच्याही आधी, दिग्दर्शक क्युब्रिकने '२००१: अ स्पेस ओडिसी'मध्ये अवकाशातील दृश्यांत नुसता श्वास ऐकवून प्रेक्षकांना खिळवून ठेवले होते. त्या चित्रपटाचा लेखात उल्लेख आहे, परंतु तो त्यातील यानांच्या प्रतिकृतींपुरता.

'इंटरस्टेलर'मधील, प्रबळ गुरुत्वाजवळ काळ मंदावण्याच्या कल्पनेस लेखक 'पटकथेच्या सोयीचे गणित' म्हणतात, तेव्हा तर हसावे की रडावे हे कळेना. चित्रपटाचे शास्त्रीय सल्लागार किप थॉर्न यांना २०१७ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, आणि ज्या गुरुत्वीय लहरींच्या शोधासाठी ते मिळाले, त्या टिपणारी एक वेधशाळा आपल्याच राज्यात, औंढा नागनाथजवळ उभी राहत आहे. तेही दूर वाटत असेल तर लेखकांनी देवगड बंदरात यावे. येथील ट्रॉलरवर जे जीपीएस यंत्र असते, ते ज्या उपग्रहांच्या घड्याळांवर चालते, ती घड्याळे पृथ्वीवरील घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात. उंचीवर गुरुत्व कमी म्हणून ४५ ने पुढे आणि स्वतःच्या वेगामुळे ७ ने मागे. ही तफावत आधीच दुरुस्त करून ठेवली नसती, तर दिवसभरात दहा किलोमीटरच्या आसपास चूक साठली असती आणि आमच्या तांडेलांची (बोटींच्या म्होरक्यांची) जाळी भलत्याच पाण्यात पडली असती. पडद्यावरील सात वर्षे ही याच हिशेबाची टोकाची मजल आहे. पटकथेच्या सोयीसाठी निसर्गाने एवढी तसदी घेतली, हे त्याचे उपकारच म्हणायचे.

दृश्यांच्या भव्यतेविषयी म्हणाल, तर २३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ आठवावी. चांद्रयान-३ उतरत असताना पडद्यावर काय होते? नियंत्रण कक्षातील टेबले, संगणकावर काढलेले यानाचे चित्र आणि उतरत जाणारे उंचीचे व वेगाचे आकडे. स्फोट नव्हता, पार्श्वसंगीत नव्हते. तरीही सहा वाजून चार मिनिटांपर्यंत आमच्या वाडीतील एकही माणूस दूरचित्रवाणीसमोरून उठला नाही, कारण २०१९ च्या सप्टेंबरात शेवटच्या दोन किलोमीटरांत तुटलेला चांद्रयान-२ चा संपर्क सर्वांच्या लक्षात होता. दुसऱ्या दिवशी जिकडेतिकडे एकच वाक्य ऐकू आले, की ही मोहीम हॉलिवूडच्या एका चित्रपटापेक्षा स्वस्तात झाली. आपल्या लेखकांनीही ते लेखात घालण्याची संधी सोडलेली नाही. कोणत्या गोष्टीची किंमत कशाशी लावावी, याचे तारतम्य सुटले की असे होते.

आपल्याकडे ही दृष्टीच नाही, मराठी माणूस अवकाशकथेकडे उशिरा वळला, हे विधान तर मी दोनदा वाचून पाहिले. कृष्णविवर या नावाची कथा जयंत नारळीकरांनी टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली आणि तिला पारितोषिक मिळाले, ते १९७४ साली. 'इंटरस्टेलर' पडद्यावर येण्याच्या चाळीस वर्षे आधी. याहून अधिक लिहीत नाही.

आता तो अपवाद. कोकणी प्रेक्षकाला स्फोटांपुरता ठरवल्यानंतर, बहुधा मन खाऊ लागल्यामुळे, लेखकांनी आमच्या पाठीवरून हात फिरवला आहे आणि १८६८ साली इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांनी विजयदुर्ग किल्ल्यावरून सूर्यग्रहण पाहून हेलियम वायूचा शोध लावला, असे लिहिले आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या त्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर इंग्लंडमध्ये होते. गुंटूर येथे निरीक्षण करीत होते ते फ्रान्सचे जान्सेन. लॉकियर यांनी सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट (प्रकाशाचा रंगवार पट्टा), ज्यात हेलियमची खूण दिसते, तो ऑक्टोबरात, ग्रहणाची वाट न पाहता, इंग्लंडमधूनच तपासला. आणि पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो १८९५ साली, रसायनशास्त्रज्ञ रॅम्से यांच्या प्रयोगशाळेत. लॉकियर विजयदुर्गास खरोखरच आले होते, पण २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. 'मेलपोमिनी' ही ब्रिटिश युद्धनौका मदतीला होती. तिच्यावरील खलाशांना त्यांनी निरीक्षणाचे धडे दिले, रंगीत तालमी घेतल्या, आणि जेमतेम दोन मिनिटांच्या अंधारासाठी ती सगळी पलटण दुर्बिणी व घड्याळे घेऊन किल्ल्यापाशी सज्ज ठेवली. जहाजावरची माणसे आकाशाकडे तोंड करून उभी आहेत, ही घटना आमच्या गावाशेजारी प्रत्यक्ष घडलेली असताना तिच्या जागी खोटी छापण्याचे कारण मला उमगत नाही. किल्ल्यावर आलेल्या पर्यटकांना 'साहेबाचे कट्टे' (लॉकियर यांच्या दुर्बिणींचे चौथरे) दाखवताना मुले तेच चुकीचे साल पाठ म्हणतात. मी नोकरीत असताना वर्गात कितीही सांगितले तरी उपयोग झाला नाही, कारण 'पेपरात आलंय' या उत्तरापुढे शिक्षकाचे काही चालत नाही.

तरी आपण याची दुरुस्ती छापावी, आणि ती आतल्या पानावर हवामानाच्या चौकटीखाली न छापता लेख जेथे आला त्याच पानावर छापावी, ही विनंती. पत्र लांबले आहे याची कल्पना आहे. जागेअभावी ते कापणे भागच पडल्यास कॅसेटांचा मजकूर कापावा, यजमानांची त्याला हरकत नसेल. लॉकियर यांच्या परिच्छेदाला मात्र कात्री लावू नये.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग