ती पिल्लं विकू नकोस

प्रिय बाळू,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. आधी कामाचं सांगतो: येत्या बाजाराला कोंबड्यांची ती चौदा पिल्लं नेऊ नकोस. सगळ्यांच्या डोक्यावर पांढरा ठिपका आहे म्हणून सगळे नर, असं तू लिहिलंस, पण तसं नाही. त्यात साधारण निम्म्या तलंगा, म्हणजे माद्या, निघतील.

ठिपक्याची खूण खोटी नाही. पण कोंबडा लाल आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड) जातीचा आणि कोंबडी पट्टेरी प्लायमाउथ रॉक असेल तरच ती कामाची. तू नेमकं उलटं केलंस, पट्टेरी कोंबडा काकूंच्या लाल कोंबड्यांत सोडलास.

माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, कोंबड्यांत आईकडून. नरात झेड गुणसूत्रं दोन, मादीत एक झेड आणि एक डब्ल्यू. पट्ट्यांचा जनुक झेडवर असतो. पट्टेरी कोंबडीचा एकुलता झेड जातो मुलग्यांना, लेकींच्या वाट्याला येतो डब्ल्यू. म्हणून तिचे पट्टे फक्त मुलग्यांत उतरतात. लाल कोंबड्यापासून तिची पिल्लं काळीच निघतात, पण ठिपका मुलग्यांनाच. तुझ्या पट्टेरी कोंबड्याने मात्र मुलगा असो वा मुलगी, प्रत्येकाला एक पट्टेरी झेड दिला. आयांकडे पट्टे नव्हतेच. मग खूण वेगळी दिसणार कशी?

ठिपका लहान की मोठा, यावरूनही ठरवू नकोस. शुद्ध पट्टेरी जातीत नराला जनुकाच्या दोन प्रती मिळतात, मादीला एक. त्यामुळे नराचा ठिपका मोठा, पसरट आणि पिसारा फिकट. तुझ्या पिल्लांत दोघांनाही एकच प्रत मिळाली आहे.

याच दोन आणि एक प्रतींच्या फरकावर केंब्रिजचे आनुवंशशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पुनेट यांनी मायकेल पीज यांच्यासोबत कॅम्बार ही कोंबड्यांची जात तयार केली. तिची पिल्लं पिढ्यान्‌पिढ्या जन्मताच रंगावरून ओळखू येतात. त्याआधी पहिल्या महायुद्धात, इंग्लंडमध्ये दाण्याची टंचाई असताना, नरांवर दाणा वाया जाऊ नये म्हणून पिल्लं रंगावरून वेगळी करायची कल्पना पुनेट यांनीच मांडली होती. मला हा माणूस फार आवडतो. काकू रोज मूठ मूठ मोजून दाणे टाकतात, तेव्हा त्यांना हे नक्की सांग.

तीन वर्षांपूर्वी मीही ठिपक्यांवर विसंबून अकरा पिल्लं स्वस्तात देऊन टाकली. पुढे घेणाऱ्याच्या अंगणात त्यातल्या सहा जणी अंडी घालताना पाहिल्या. ते अजून सलतं, म्हणून इतकं लिहितोय.

पुढच्या वेळी लाल कोंबडा आणि पट्टेरी कोंबड्या ठेव. पांढरा लेगहॉर्न नको, त्याच्या पांढऱ्या रंगाखाली ही खूण झाकली जाते. आणि त्या जोडीच्या पिल्लांची आपसात पैदास केलीस तर खूण पुन्हा फसवेल, दर वेळी मूळ जोडीच लावावी लागते.

सध्याच्या चौदांना सात-आठ आठवडे होऊ दे. नरांचे तुरे आधी लाल होऊन वाढतात, तेव्हा निवड कर. तोवर रात्री डालं नीट झाक, मुंगसाचं तू लिहिलंच आहेस. तलंगा किती निघाल्या ते कळव, त्यातल्या दोन मला हव्यात.

तुझा,
विनू