ओव्हन आणि बार्बेक्यूची जाळी: घासण्याआधी भिजवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे सरत आला की ठाणे-नवी मुंबईतल्या गच्च्यांवरच्या बार्बेक्यूच्या शेगड्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर जातात, त्या थेट दिवाळीनंतर खाली येतात. तेव्हा कुणाच्या शेगडीच्या तळाला भोक पडलेले असते, कुणाच्या जाळीला गंजाचे पापुद्रे सुटलेले असतात आणि दोष दिला जातो पत्र्याला. पत्रा पातळ असतो हे खरे, पण त्याला कुजवते ती बहुतेक वेळा आत राहिलेली राख. लाकडी कोळशाच्या राखेत क्षार असतात. ते हवेतली ओल ओढून घेतात आणि पत्र्याला चिकटवून धरतात. त्यात मसाल्यातले मीठ आणि लिंबू ठिबकलेले असते, खाडीकाठची दमट हवा असते आणि वरून प्लास्टिक. पाच-सहा महिने हे सगळे कोंडून राहिले की आणखी काही लागत नाही. म्हणून हे पत्र पावसाआधी लिहीत आहोत, आणि स्वयंपाकघरातल्या ओव्हनचेही यातच लिहितो, कारण घासताना दोन्हीकडे शत्रू एकच आहे: जळालेले तेल.

ओव्हनमध्ये किंवा जाळीवर बसणारे डाग तीन तऱ्हेचे असतात, ते आधी ओळखावेत. केकचे पीठ उतू गेले, पाक सांडला, मॅरिनेशनमधली साखर करपली, तर तो डाग साखरेचा. त्याला नुसते गरम पाणी पुरते. ओले फडके अर्धा तास ठेवले की तो सुटतो. दुसरा डाग तेलाचा. तेल पुन्हा पुन्हा तापून घट्ट होते आणि वॉर्निशसारखा पिवळट-तपकिरी, मेणचट थर बनतो. हा भांड्यांच्या साबणाला दाद देत नाही, त्याला सोडा लागतो. तिसरा म्हणजे पूर्ण कोळसा झालेले काळे किटण. त्याच्यावर सोड्याचाही फारसा परिणाम होत नाही. सोडा त्याच्या खालचे तेल सोडवतो आणि मग ते खरवडून निघते. हा फरक न पाहता लोक सगळ्यावर तारेची घासणी चालवतात, आणि तिथेच ओव्हनचे आयुष्य कमी होते.

सोडाही तीन प्रकारचा. खायचा सोडा सौम्य, धुण्याचा सोडा त्याहून बराच तीव्र, आणि कॉस्टिक सोडा कातडी जाळणारा. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच ओव्हन क्लीनरमध्ये हा तिसरा असतो. तो चरबीचा अक्षरशः साबण करतो, पण ॲल्युमिनियम खातो आणि डोळ्यांत उडाला तर कायमची इजा करू शकतो. वापरायचाच असेल तर रबरी हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी या तिन्ही गोष्टी हव्यात आणि आधी डब्यावरची सूचना वाचायला हवी. घरच्या कामाला पहिले दोन सोडे पुरेसे आहेत. धुण्याचा सोडाही ॲल्युमिनियमच्या ट्रेला काळे पाडतो, तेव्हा तो फक्त स्टीलच्या जाळीसाठी. ट्रे हलका, करडा आणि चुंबकाला न चिकटणारा असेल तर तो ॲल्युमिनियमचा समजावा.

आता एक गैरसमज, जो मोबाइलवरून फिरत असतो आणि वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतही अधूनमधून छापला जातो: सोड्यात व्हिनेगर घाला, फेस येईल आणि तेल निघेल. सोडा अल्कली, व्हिनेगर आम्ल. दोन्ही एकत्र केले की एकमेकांना संपवतात. फेस म्हणजे उडून जाणारा कार्बन डायऑक्साइड, आणि मागे उरते जवळजवळ निरुपयोगी खारट पाणी. दोन्ही वस्तू उपयोगी आहेत, पण एकामागून एक. सोडा आधी, त्याला वेळ द्यायचा, पुसून काढायचा. मग निम्मे व्हिनेगर आणि निम्मे पाणी फडक्यावर घेऊन फिरवायचे. जिथे बुडबुडे दिसतील तिथे सोडा अजून शिल्लक आहे असे समजून तेवढी जागा पुन्हा पुसायची. व्हिनेगरची खरी जागा ही. (ओटा संगमरवरी असेल तर व्हिनेगर किंवा लिंबू त्यावर सांडू देऊ नये, चकाकी जाते. ग्रॅनाइटला सहसा काही होत नाही.) व्हिनेगर असो वा संडास साफ करायचे ॲसिड, ब्लीचमध्ये मिसळले की क्लोरीन वायू सुटतो. बंद स्वयंपाकघरात हा जिवाशी खेळ आहे.

ओव्हनला हात लावण्याआधी प्लग काढावा आणि एक तास जाऊ द्यावा. बटण बंद करणे पुरेसे नाही. जाळी, ट्रे, फिरती सळई आणि तळाचा कणांचा ट्रे बाहेर काढून कोरड्या ब्रशने चुरा झाडून घ्यावा. मग १०० ग्रॅम खायचा सोडा आणि ३ टेबलस्पून पाणी यांची लुसलुशीत पेस्ट करावी. २५-३० लिटरच्या ओव्हनला एवढी पुरते. आतली भिंत काळी किंवा राखाडी, चकचकीत इनॅमलची असेल तर पेस्ट रात्रभर ठेवली तरी चालते. छोट्या ओटीजीत (ओव्हन-टोस्टर-ग्रिलमध्ये) मात्र भिंत बहुधा चंदेरी पत्र्याची असते. तिथे पेस्ट अर्धा तासच ठेवावी, पुसावी, आणि गरज पडली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा लावावी. त्या पत्र्यावरचा मुलामा पातळ असतो. तारेच्या घासणीने तो एकदा गेला की पहिल्याच पावसाळ्यात तिथे तांबूस ठिपके उमटतात.

पेस्ट वाळली की तिचे काम थांबते, ही गोष्ट कुणी सांगत नाही. मे महिन्यात पंख्याखाली ती तासाभरात पांढरी पडते. म्हणून ओव्हनचे दार लावून ठेवावे आणि मध्येच एकदा पाण्याचा हलका फवारा मारावा. काढताना जुन्या बनियनचे फडके गरम पाण्यात बुडवून घट्ट पिळून घ्यावे आणि चार-पाच वेळा पुसावे. फडक्याबरोबर तपकिरी गाळ येऊ लागला की समजावे, तेल सुटले आहे.

वरच्या-खालच्या तापणाऱ्या दांड्यांना, म्हणजे एलिमेंटला, पेस्ट किंवा पाणी अजिबात लागू देऊ नये. धातूच्या नळीत तार असते आणि तिच्याभोवती पांढरी पूड ठासलेली असते. नळीच्या टोकाशी ओल शिरली की वीज बॉडीत झिरपते आणि घरातला आरसीसीबी, म्हणजे वीज झिरपली की पुरवठा तोडणारा सुरक्षा-स्विच, पडतो. दांडीवर उडालेले तेल तापल्यावर आपोआप जळून जाते, तिला कोरडे फडके पुरे. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा ओव्हन लावताच आरसीसीबी पडला तर तो पुन्हा पुन्हा वर करू नये, आणि प्लगची अर्थची पिन काढून चालवण्याचा विचारही करू नये. दुरुस्ती करणाऱ्याला दाखवावा. काही ओव्हनमध्ये आतल्या भिंतीला लागून बारीक नळीसारखा सेन्सर असतो. पुसताना तो वाकला तर १८० अंशांवर लावलेला केक वरून करपतो किंवा आतून कच्चा राहतो, आणि दोष मैद्याला जातो.

तेल खाली गळू नये म्हणून तळाला ॲल्युमिनियमची फॉइल अंथरण्याची सवय सोडावी. ती खालच्या दांडीची उष्णता अडवते आणि चुकून दांडीला टेकली तर चिकटून बसते. त्याऐवजी जाळीच्या एक खण खाली रिकामा ट्रे ठेवावा.

धुतलेला ओव्हन दार उघडे ठेवून दोन तास सुकवावा, मग खिडकी उघडून १०० अंशांवर १५ मिनिटे आणि २०० अंशांवर १५ मिनिटे रिकामा चालवावा. घरात लव्हबर्ड किंवा पोपट असेल तर पिंजरा दुसऱ्या खोलीत न्यावा. पक्ष्यांची फुप्फुसे फार नाजूक असतात. जादा तापलेल्या नॉनस्टिकच्या धुराने ते मिनिटांत दगावतात.

मायक्रोवेव्हचे काम सोपे. काचेच्या भांड्यात एक कप पाणी, एका लिंबाच्या फोडी आणि लाकडी चमचा (चमचा नसला तर पाणी अचानक उसळू शकते) ठेवून ३ ते ४ मिनिटे पूर्ण पॉवरवर चालवावे, ५ मिनिटे दार उघडू नये, मग पुसावे. फक्त आतल्या उजव्या भिंतीवरचा पुठ्ठ्यासारखा दिसणारा चौकोन नीट पाहावा. तो अभ्रकाचा असतो. त्यावर तेल जळून काळा डाग पडला की ठिणग्या उडू लागतात. तो खरवडू नये आणि काढूनही टाकू नये, मापाचा नवा कापून बसवून घ्यावा. बाहेरचे कव्हर मात्र घरी कधीच उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) प्राणघातक विद्युतदाब उरलेला असू शकतो.

ओव्हनच्या जाळ्या भिजवायला परदेशी सल्ल्यांत आंघोळीचा टब सांगितलेला असतो. आपल्याकडे जुनी चादर आणि कचऱ्याची मोठी पिशवी कामाला येते. १० लिटर कडकडीत पाण्यात १०० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि एक चमचा भांड्यांचे लिक्विड घालून चादर त्यात भिजवावी, जाळीभोवती गुंडाळावी, पिशवीत घालून तोंड बांधावे आणि न्हाणीघराच्या फरशीवर तीन-चार तास पडू द्यावी. बादलीभर पाण्यात काम होते. नंतर काथ्याच्या घासणीने, जाळीच्या दोन्ही अंगांनी.

बार्बेक्यूची जाळी स्वच्छ करण्याची उत्तम वेळ म्हणजे शेवटचा बांगडा किंवा तंगडी उतरल्यानंतरची १० मिनिटे. निखाऱ्यांवर जाळी तशीच ठेवली की चिकटलेले मांस-मसाला जळून ठिसूळ होतो. मग अर्धा कांदा लांब काट्यात खोचून, कापलेली बाजू खाली करून जाळीवर दाबत फिरवावा. कांद्याचा रस वाफ होतो, ठिसूळ थर उचलला जातो. थंड जाळीवर हेच काम चौपट मेहनत घेते. तारेचा ब्रश आम्ही सुचवत नाही. त्याचा एखादा केस तुटून जाळीला चिकटतो आणि पुढच्या वेळी खाण्यातून पोटात जातो. अमेरिकेत रोड आयलंडमधल्या एका रुग्णालयातील २०११-१२ मधले असे ६ रुग्ण तिथल्या सीडीसी या सरकारी संस्थेने नोंदवले. काहींच्या घशात तार रुतली होती, काहींच्या आतड्याला छिद्र पडले होते. नारळाची शेंडी कोकणपट्टीत कुठेही मिळते आणि चुकून तिचा धागा राहिला तरी डोळ्यांना दिसतो.

सळ्या आणि स्टीलच्या जाळीला तर शेगडीतलीच राख लावावी. आपल्या आज्या राखेने भांडी घासत, त्याला कारण होते: लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते, धुण्याच्या सोड्याचाच भाऊबंद, आणि बारीक राख हलके घासतेही. राख पूर्ण थंड झाल्यावर चाळावी, पाण्यात कालवावी, १५ मिनिटे लावून ठेवावी. ॲल्युमिनियमला आणि इनॅमलच्या जाळीला मात्र ती नको. पेटवायला रॉकेल किंवा तयार वड्या वापरल्या असतील तर ती राख भांड्यांना लावू नये.

जाळी बिडाची असेल तर सोड्यात भिजत ठेवू नये. गरम पाण्याने धुवून लगेच चुलीवर कोरडी करावी, शेंगदाण्याच्या किंवा जवसाच्या तेलाचा हात फिरवून जास्तीचे तेल पुसून घ्यावे आणि २०० अंशांवर तासभर तापवावी. तेल जाड राहिले तर थर चिकट होतो आणि त्यावर धूळ बसते. झाकणाच्या आतून सुटणारे काळे पापुद्रे बहुधा रंगाचे नसून काजळी आणि तेलाचे असतात. चुरगळलेल्या वर्तमानपत्राने कोरडेच पुसावेत. गॅसवरच्या बार्बेक्यूत बर्नरची छिद्रे दाभणाने मोकळी करावीत आणि नळीला साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे.

राखेत निखारा दीड-दोन दिवसही धुमसू शकतो. ती सोसायटीच्या प्लास्टिकच्या डब्यात न टाकता झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ४८ तास ठेवावी. ट्रेमधली गोठलेली चरबीही सिंकमध्ये ओतू नये. आधी कागदाने पुसून घ्यावी, नाहीतर ती उभ्या पाइपात थिजते आणि तुंबलेले पाणी खालच्या मजल्यावरच्या मोरीतून वर येते.

आपल्याला एक विनंती. घरगुती युक्त्या छापताना वस्तूंबरोबर प्रमाण, भिजवण्याचा वेळ आणि ती कोणत्या धातूला चालते व कोणत्याला चालत नाही, एवढे तीन तपशील जरूर छापावेत.

आणि शेगडी माळ्यावर चढवताना तळातली राख काढा, ओल्या फडक्याने पुसा, उन्हात तासभर तापवा, खोबरेल तेलाचा पातळ हात द्या. प्लास्टिकऐवजी वर्तमानपत्र आणि सुती कापड गुंडाळा, आत एका पुरचुंडीत दोन-तीन कोरडे कोळसे ठेवा. ते ओल शोषून घेतील.

आपले,
ओव्हन दुरुस्त करणारे आणि केक-पावाच्या ऑर्डरी घेणारे एक दांपत्य,
घणसोली, नवी मुंबई