‘अजून’ हा शब्द मागे घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात पान ५ वर आपण म्हसरूळच्या घुबडाचा फोटो छापलात. मथळा, ‘माणुसकी अजून जिवंत आहे!’ आणि खाली ओळ, ‘परिसरातील दक्ष तरुणांनी जखमी घुबडाला जीवदान दिले.’ ते वाचल्यापासून स्वस्थता नाही, म्हणून आज उठल्या उठल्या लिहायला बसले.

ते घुबड ज्या कडुनिंबाला अडकलं होतं तो माझ्या फाटकासमोर आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत मी तिथे उभी होते. फोटोतली चारही मुलं आली तेव्हा घुबड खोक्यात ठेवून अर्धा तास झाला होता. मुलांवर माझा राग नाही. वनखात्याची गाडी येईपर्यंत ती थांबली, खोक्याजवळ गर्दी होऊ दिली नाही, ते चांगलंच केलं. पण जीवदान दिलं ते दुसऱ्यांनी, आणि त्यांच्याबद्दल आपल्या बातमीत एक शब्द नाही.

किंक्रांतीची सकाळ होती, सात वाजून गेलेले. गल्लीतली तांबडी कुत्री एकसारखी भुंकत होती म्हणून मी बाहेर आले. फांदीला नायलॉनच्या मांजात गव्हाणी घुबड एका पंखानं लटकत होतं. रात्रीच अडकलं असणार. उजाडल्यावर कावळ्यांनी त्याला घेरलं होतं. कावळा खाली झेपावला की तांबडी त्याच्या अंगावर भुंकत धावायची, तो उडाला की परत झाडाखाली येऊन बसायची. हे किती वेळ चाललं होतं कोण जाणे. तिला कुणी शिकवलेलं नाही, तिला त्यातून काही मिळायचंही नव्हतं.

तोवर दहा-बारा माणसं जमली होती. निम्म्यांच्या हातात मोबाईल. एक गृहस्थ म्हणाले, घुबड आहे, सणासुदीला हात लावू नका, घराला लागतं. शिकलेला माणूस! घुबड उंदीर खातं, कांद्याच्या चाळीत आणि धान्याच्या कोठारात शेतकऱ्याचं किती राखतं, हे नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला सांगावं लागावं याचं मला फार वाईट वाटलं. मी वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर फोन केला. गाडी येते म्हणाले, पण गाडीला वेळ लागणार होता आणि तो पंख तेवढा वेळ टिकेल असं दिसत नव्हतं.

एवढ्यात दिंडोरीकडे निघालेली एक पिकअप थांबली. मागे द्राक्षबागेत थिनिंगला, म्हणजे घडातले जास्तीचे मणी काढायला, चाललेल्या बायका. पेठ-सुरगाण्याकडून दर हंगामात इकडे येऊन राहतात, त्यांतल्या. साडीवर नवऱ्याचा शर्ट, डोक्याला स्कार्फ, थंडीनं हात काखेत. चालकानं कुणाला न विचारता गाडी मागे घेऊन बरोबर फांदीखाली लावली. एक मुलगी टपावर चढली. तिनं डोक्याचा स्कार्फ सोडून घुबडाच्या तोंडावरून टाकला. इतका वेळ फुत्कारणारं ते पाखरू डोळ्यांपुढे अंधार होताच गप्प झालं. तिनं ते खालून अलगद तोलून धरलं. मग दुसरी, वयानं मोठी बाई वर चढली, कमरेच्या पिशवीतून थिनिंगची कात्री काढली आणि पंखाचे वेढे एकेक करून कापायला लागली.

द्राक्षाच्या घडातला नेमका नको तो मणी काढायची ती बारीक टोकाची कात्री आपण पाहिली असेलच. मांजा पिसांत रुतला होता, एका ठिकाणी कातडीत गेला होता. त्या बाईनं सहा-सात मिनिटं श्वास धरून काम केलं. एक पीस कापलं गेलं नाही. खाली उतरल्यावर मी म्हटलं, बाई, कसं जमलं तुम्हाला? ती म्हणाली, “आजी, एक मणी काढायचा आन् शेजारच्याला धक्का लागू द्यायचा नाही. रोज तेच तर करतो आम्ही.”

मी किराणा दुकानातून खोकं आणलं, त्याला भोकं पाडली. कुणीतरी वाटीत दूध आणलं होतं, तेही त्या बाईनंच परत पाठवलं. जखमी पाखराच्या तोंडात काही ओतायचं नाही, हे तिला ठाऊक होतं. मी पैसे पुढे केले, ते कुणी घेतले नाहीत. घरात तिळगूळ होता, तो सगळ्यांच्या हातावर ठेवला. तेवढ्यात चालकाचा फोन वाजला. पलीकडून मुकादमाचं ओरडणं आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होतं. उशीर झाला म्हणून त्यांची हजेरी कापली गेली का, हे विचारायला आता माझ्याकडे काही साधन नाही. मी नावं विचारली नाहीत. ही चूक माझी, आणि ती मला फार लागून राहिली आहे.

म्हणून त्या मथळ्यातला ‘अजून’ मला खुपतो. माणुसकी शेवटचे श्वास मोजते आहे आणि काल तिनं जरा डोळे उघडले, असा त्याचा अर्थ होतो. त्या बायकांना यात विशेष असं काही वाटलंच नाही. वाटेत अडकलेला जीव दिसला, हातात कात्री होती, कापलं, कामाला गेल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये गोदेचं पाणी घाटावरच्या उंच दुतोंड्या मारुतीच्या डोक्यावरून गेलं, तेव्हा भांडीबाजारात आमच्या नात्यातल्यांच्या दुकानातला माल ज्यांनी डोक्यावरून वर नेला, त्यांतलंही कुणी ओळखीचं नव्हतं. ‘अजून’ म्हणायची गरज आहे ती दुसरीकडे. राष्ट्रीय हरित लवादानं नायलॉन मांजावर जुलै २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, आणि तो अजून विकला जातो. सुती दोरा पावसात कुजतो, तुटतो. नायलॉन वर्षभर झाडावर तसाच राहतो आणि पतंग संपल्यावरही पाखरं मारत राहतो. माझं लहानपण येवल्याला मामाच्या गच्चीवर आसारी, म्हणजे दोऱ्याची फिरकी, धरण्यात गेलं, पतंगाचं वेड मला कुणी सांगायला नको. पण तेव्हाचा दोरा तुटत होता.

आणखी एक. त्याच पानावर खाली ‘मोकाट कुत्र्यांची दहशत’ ही बातमी होती आणि तिच्यासोबत एका कुत्र्याचा फोटो. तो फोटो गेल्या महिन्यातही आपण वापरला होता. नीट बघा, त्या कुत्र्याच्या कानाला खाच आहे. म्हणजे त्याचं निर्बीजीकरण झालेलं आहे आणि त्या वेळी रेबीजची लसही टोचलेली आहे. कुत्री चावतात, रेबीजची लक्षणं एकदा दिसली की इलाज जवळपास नाहीच, हे मी जाणते. बातमी जरूर द्या. पण ज्याची व्यवस्था झाली आहे त्याच मुक्या प्राण्याला दहशतीचा चेहरा करू नका. आमच्या तांबडीच्या कानालाही तशीच खाच आहे आणि त्या सकाळी झाडाखाली सगळ्यांत आधी तीच होती.

आपल्याकडून मला दोन गोष्टी हव्या आहेत. एक, फोटोखालची ओळ दुरुस्त करून छापा. नावं नाहीत, तर ‘द्राक्षबागेत कामाला चाललेल्या मजूर महिलांनी आणि पिकअपच्या चालकाने’ एवढं तरी लिहा. दुसरी जास्त तातडीची आहे. खोक्याच्या गडबडीत त्या बाईंची कात्री माझ्या ओट्यावर राहिली. लाल मुठीची आहे, एका मुठीला चिंधी गुंडाळलेली. कात्रीशिवाय थिनिंगला उभं करत नाहीत, नवी घ्यायची तर त्यांच्या मजुरीतून जाणार. रोज सकाळी सात ते आठ मी ती घेऊन म्हसरूळला दिंडोरी रस्त्यावर, त्याच कडुनिंबाखाली उभी असते. गेले तीन दिवस गाडी दिसली नाही. दिंडोरी भागातल्या कुणा बागाईतदारानं, मुकादमानं किंवा चालकानं हे वाचलं तर कृपा करून त्यांना तेवढा निरोप द्यावा.

आपली,
एक जुनी वाचक
म्हसरूळ, नाशिक