सेकंडहँड स्पीकरची मोट बांधताय? आधी मधला बघा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. रविवारच्या पुरवणीतला होम थिएटरवरचा लेख वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. लेख चांगलाच होता, पण त्यात एका ओळीत उरकून टाकलंय की वेगवेगळ्या कंपन्यांचे जुने स्पीकर एकत्र जोडू नका, घ्यायचा तर पूर्ण सेटच घ्या. हे अर्धंच खरंय. ते वाचून एकतर माणूस घाबरून काहीच करत नाही, नाहीतर चिडून जे मिळेल ते जोडत सुटतो. मी दुसऱ्या जातीचा, म्हणून हे पत्र.

आमच्याकडे आधी डब्यात मिळणारा ५.१ सेट होता, मुठीएवढे प्लास्टिकचे पाच स्पीकर आणि एक सब, म्हणजे फक्त जड बेस वाजवणारा सबवूफर. डायलॉग ऐकायला आवाज वाढवावा आणि मारामारी सुरू झाली की रिमोट शोधत पळावं, असं रोजचं चाललेलं. शेवटी एक जुना रिसीव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारा अँपचा डबा घेतला, पुढे लावायला बुकशेल्फची, म्हणजे फळीवर मावणाऱ्या स्पीकरची एक जोडी मिळाली, आणि मधे ठेवायला दुसऱ्याच कंपनीचा भला मोठा आडवा सेंटर मिळाला, हॉर्नवाला, वजनाला असा की उचलताना कंबर बोलली. मला वाटलं जेवढा जड तेवढा भारी, चला झालं काम.

कसलं काम. पिक्चरमधे गाडी डावीकडून ट्रक म्हणून निघायची, मधे आली की स्कूटर व्हायची आणि उजवीकडे पोचेपर्यंत परत ट्रक. मुलगी म्हणाली, बाबा, हा माणूस मधे उभा राहिला की याला सर्दी का होते? त्यानंतर मला ती सर्दी सोडून दुसरं काही ऐकूच येईना!

कारण साधंय. पिक्चरमधलं बहुतेक सगळं बोलणं सेंटरमधून येतं आणि हलणारा आवाज डावा, मधला, उजवा असा सरकत जातो, त्यामुळे या तिघांचा गळा एका घराण्यातला नसेल तर प्रत्येक वळणावर सांधा दिसतो. माझ्या बुकशेल्फचा ट्वीटर, म्हणजे बारीक सूर काढणारा छोटा भाग, रेशमी घुमटाचा आणि सेंटरला हॉर्न, म्हणजे एक मऊ बोलणारा आणि एक कर्णा लावून बोलणारा. रिसीव्हरबरोबर आलेला माइक लावून ऑटो सेटिंग केलं, इक्वलायझर रात्री दोन वाजेपर्यंत वरखाली केला, थोडा फरक पडला नाही असं नाही, पण इक्वलायझर समोरून येणारा आवाज सरळ करतो, स्पीकर बाजूला कसा आवाज फेकतो ते तो बदलू शकत नाही, आणि भिंतींवरून आपटून येणारा आवाज पण कानात जातोच ना.

मग वैतागून सेंटर काढूनच टाकला. रिसीव्हरच्या मेनूत सेंटर 'नाही' असं केलं की तो मधला आवाज डाव्या-उजव्यात वाटून देतो आणि बरोब्बर मधे बसलेल्याला बोलणं टीव्हीतूनच आल्यासारखं वाटतं. ज्यांच्याकडे जुळणारा सेंटर नाही त्यांनी आधी हे करून बघाच, फुकट आहे. फक्त सोफ्याच्या कडेला बसणाऱ्याला सगळं जवळच्या स्पीकरमधून ऐकू येतं आणि मग मधली जागा कोणाची यावरून घरात भांडणं होतात, ती झाली.

खरा इलाज योगायोगाने सापडला. माझ्याच बुकशेल्फचं तेच मॉडेल, पण एकच नग, एकाने विकायला काढलेला. त्याचा जोडीदार पडून फुटला होता. एकट्या स्पीकरला कोणी विचारत नाही कारण गाणी ऐकणाऱ्याला जोडी लागते, त्यामुळे असा एकटा पडलेला नग बराच स्वस्तात सुटतो, आणि आपल्याला तर सेंटरसाठी एकच हवा असतो! टीव्ही वर सरकवला आणि स्पीकर त्याच्याखाली उभाच ठेवला. आडवा ठेवला तर वूफर (जाड सूर काढणारा मोठा भाग) आणि ट्वीटर शेजारीशेजारी येतात आणि बाजूला बसलेल्याला काही सूर दबलेले ऐकू येतात. त्या दिवसापासून ट्रक ट्रकच राहिला.

मागच्या दोन स्पीकरचं मात्र एवढं मनावर घेऊ नका, तिथे बहुतेक वेळ पाऊस, गर्दी, टाळ्या असलंच काहीतरी असतं, दुसऱ्या कंपनीचे चालतात. सब तर कोणाचाही चालतो, कारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज नेमका कुठून येतोय ते कानाला फारसं कळतच नाही. म्हणून क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबकडे जातो ती सीमा, ८० वर ठेवायचा आणि पुढच्या स्पीकरना मेनूत 'स्मॉल' म्हणायचं. मोठे उभे टॉवर स्पीकर घेतलेल्यांना हा शब्द लागतो, पण त्याचा अर्थ एवढाच की जड बेसचं ओझं सबवर टाकलंय. एकच बघा, सबला स्वतःचा अँप आणि वीज पाहिजे, डब्याच्या सेटमधला बिनअँपचा सब रिसीव्हरच्या सब आउटला लावून काही वाजत नाही.

डब्याच्या सेटवरून आठवलं, मी कंजूषपणा करून त्यातलेच दोन स्पीकर प्लग कापून मागे लावले होते. स्पीकरच्या पाठीवर लिहिलेलं ३ ओहम, रिसीव्हरच्या पाठीवर ६ ते १६ ओहम, आणि मी दोन्हीच्या पाठी वाचायचा कंटाळा केला. एका रात्री आवाज चढवून पिक्चर बघताना रिसीव्हर टक करून बंद. परत चालू केला, दहा मिनिटांनी परत टक. वरची जाळी चांगलीच तापलेली. ओहम कमी म्हणजे करंट जास्त ओढणार, तो बिचारा स्वतःला वाचवत होता. नंतर ८ ओहमची जुनी जोडी मागे लावली, तेव्हापासून टक नाही.

आणि सेकंडहँड घेताना जाळी काढून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. मी पहिल्यांदा एक जोडी घाईत उचलली, घरी येऊन कोनच्या, म्हणजे स्पीकरच्या पुढच्या हलणाऱ्या पडद्याच्या, कडेच्या फोमला बोट लावलं तर काळी भुकटी बोटाला आली आणि कड तिथेच फाटली. फोम १५-२० वर्षांत असा सडतो, रबराची कड जास्त टिकते. फोम बदलून मिळतो, पण मग तो खर्च धरून भाव करायचा. कोन दोन्ही बाजूंनी सारख्या बोटांनी हळूच आत दाबायचा, खरखर लागली तर कॉइल घासतेय, सोडून द्या. मल्टीमीटर असेल तर ८ ओहमचा स्पीकर साधारण ६-७ दाखवतो, काहीच दाखवत नसेल तर आत कुठेतरी तुटलंय. ट्वीटरला कान लावून ऐका, कारण वूफर जोरात वाजत असला की मेलेला ट्वीटर पटकन कळत नाही.

माझ्या मागच्या जोडीतला एक कोणीतरी आधी उघडून दुरुस्त केला होता आणि आतल्या वायरी उलट जोडल्या होत्या. ते कळलं १.५ व्होल्टच्या सेलवर. स्पीकरच्या वायरी क्षणभर सेलला टेकवल्या, प्लसला प्लस, तर एकाचा कोन टुपकन बाहेर आला आणि दुसऱ्याचा आत गेला. तेवढं सुलटं केल्यावर मागचा आवाज जो पोकळ वाटायचा तो भरला. हा प्रयोग मोठ्या कोनवरच करा, सुट्या ट्वीटरवर नको.

सगळं जोडून झालं की आवाजाची पातळी जुळवायची, कारण एक स्पीकर १ वॉटला ९१ डीबी (डेसिबल) देतो आणि दुसरा ८५, म्हणजे तेवढ्याच आवाजाला दुसऱ्याला चौपट वॉट लागणार. रिसीव्हरचा 'शूऽऽ' असा टेस्ट टोन लावून, आपल्या बसायच्या जागी आवाज मोजणारं अ‍ॅप लावलेला फोन धरून प्रत्येकाला ७५ डीबीवर आणलं की झालं. फोनचा आकडा अगदी खरा नसला तरी सगळ्यांना एकाच चुकीने मोजतो, त्यामुळे भागतं.

तेव्हा पुरवणीत परत कधी या विषयावर लिहिलंत तर 'मिसळू नका' ऐवजी 'कुठे मिसळू नका' ते लिहा एवढीच विनंती. तो जड हॉर्नवाला सेंटर अजून आमच्या पलंगाखाली पडलाय, वाजतो उत्तम, त्याचे दोन सख्खे भाऊ ज्याच्याकडे पुढे लावलेले असतील त्याच्याकडे तो सर्दी न होता बोलेल.

आपला,
एक नियमित वाचक